भालेराव सिस्टरांचे रविवार

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला लागले ती पंच्याऐंशीच्या सुमाराला. मला टायपिंग येत होतं आणि बाकी काही येत नव्हतं. कारखान्याच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेली होती, म्हणून मला तिच्या खुर्चीवर बसवलं. डॉक्टर दुपारी दोन तास येत. उरलेल्या वेळात दवाखाना भालेराव सिस्टरांचा असे, आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांतही तो त्यांचाच असे.

सिस्टर उंच होत्या, सावळ्या, हाडापेरानं मजबूत. पांढरी साडी, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. आवाज कधी चढत नसे. त्या हळू बोलत, त्यामुळे ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागे. मॅनेजरसाहेबसुद्धा ताप घेऊन आले की तोंडात थर्मामीटर धरून मुकाट बसत. थर्मामीटर तोंडात असताना त्यांच्याशी बोलायची सिस्टरांना विशेष हौस होती.

पॅकिंग खात्यात चाळीसएक बायका होत्या. त्यांच्या तक्रारी मी महिनाभरात न ऐकता लिहू लागले. डोकं दुखतं, झोप येत नाही, छातीत धडधडतं. डॉक्टर गोळ्या लिहीत. सिस्टर गोळ्या देत, आणि मग काही जणींचा केसपेपर उलटा करून मागे लिहीत: ‘रविवार, सकाळी साडेसहा, शिवमंदिरामागचा पूल. डबा आणू नये.’

मला वाटलं, बायकांना अभिषेकाला पाठवतात. पण बौद्ध वस्तीत राहणारी, घरात फक्त बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो असलेली बाई शंकराच्या देवळामागे बायका कशाला जमवते, हे कोडं काही सुटेना. शेवटी विचारलं.

‘देवळात नाही गं, प्रधान. पुलावरून दूधवाल्याचा टेम्पो रिकामा परत जातो. त्यात बसायचं आणि रानात जायचं.’

‘कशाला?’

‘कशालाच नाही,’ सिस्टर म्हणाल्या आणि सिरिंजा उकळायला ठेवून आल्या.

पुढच्याच आठवड्यात मी टेबलावर तीन वेळा जांभई दिली म्हणून माझाही केसपेपर निघाला. माझा रविवार दहा वाजता सुरू होत असे आणि मला त्याचा अभिमान होता. पण सिस्टरांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मी पुलावर गेले ती डबा घेऊन. सूचना वाचली होती, पण आमच्या घरात माणूस रिकाम्या हातानं बाहेर पडलं की आईला ते उपाशी मरेल असं वाटतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वर शिरा.

सिस्टरांनी डब्याला हात लावून बघितला. गरम होता.

‘आई किती वाजता उठली?’

‘साडेचारला.’

‘मग तिला का नाही आणलंस? तिला आणायचं होतंस आणि डबा घरी ठेवायचा होतास.’

डबा टेम्पोवाल्याला गेला. तो पुढे कित्येक रविवार माझ्याकडे आशेनं बघत असे. सिस्टरांचा नियमच तो होता. सुट्टीच्या दिवशी जिला चूल पेटवावी लागली तिची सुट्टी झालीच नाही, असं त्यांचं म्हणणं. खायला त्यांच्या पिशवीत फुटाणे, शेंगदाणे, गूळ, काकड्या आणि केळी. नऊ-दहा बायका दिवसभर त्यावर चालत. पहिल्या दिवशी अकरा वाजता मी भुकेनं रडकुंडीला आले होते. चौथ्या रविवारी माझं मलाच कळलं नाही, पण काकडी खाताना मला इतकं बरं वाटलं की मी सालसुद्धा टाकलं नाही.

त्या वर्षांत आम्ही कुठे कुठे गेलो ते आता सांगायला बसले तर ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. जवळात जवळ म्हणजे चिखलोली धरणाच्या मागची टेकडी. टेम्पो ज्या बाजूला जाईल तसं बारवीचं सागाचं रान, मलंगगडाचा पायथा, वांगणीकडचे धबधबे. उन्हाळ्यात बदलापूर गावाच्या खालच्या अंगाला उल्हास नदीचा काठ, कारण तिथे करंजाची सावली दुपारीही हलत नाही. यातल्या एकाही जागी तिकीट नव्हतं, बाक नव्हते, झोपाळे नव्हते. पॅकिंगमधल्या बायका दहा-दहा वर्षं अंबरनाथला राहिलेल्या, समोर डोंगर रोज दिसायचा, पण तो आपल्यालाही चालतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सिस्टरांना झाडांची नावं फारशी येत नसत, पक्ष्यांची तर अजिबात नाही. आणि येत नसलेलं नाव त्या ठोकून देत नसत. ‘कुठला पक्षी आहे तो?’ असं विचारलं की म्हणत, ‘माझी ओळख नाही.’ झाडाची मोजणी मात्र त्यांची स्वतःची होती. सावली बघून त्या सांगत, हे दोन बायकांचं झाड, हे पाच बायकांचं. बारवीच्या वाटेवर एक जुना आंबा होता तो अकरा बायकांचा. एका दुपारी सावलीत अकरा जणी मावल्या आणि बारावी उन्हात बसली तेव्हा त्यांनी आम्हाला सगळ्यांना उठवून पुढच्या झाडाखाली नेलं. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक नियम होता. बारा वाजेपर्यंत घराविषयी बोलायचं नाही. सासू, स्वयंपाक, शाळेची फी, नवऱ्याचं पिणं, काही नाही. जी बोलेल तिनं पुढच्या झाडापर्यंत सगळ्यांच्या मागून एकटीनं चालायचं. सुरुवातीला जवळजवळ सगळाच घोळका मागून चालत असे आणि पुढे सिस्टर एकट्या. हळूहळू बायकांना दुसरं बोलता येऊ लागलं. काय बोलायच्या? एकीनं तिच्या गावच्या तळ्यात पोहण्याचं सांगितलं. एकीला सिनेमातल्या नटांच्या चालण्याच्या नकला येत. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी नकला करणारीशी पैजा लावायचे.

कमल तांबेचा दिवस मला अजून आठवतो. कमल पॅकिंगमध्येच होती, झोप येत नाही या तक्रारीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. मलंगगडाच्या पायथ्याशी आम्ही धबधब्याकडे निघालो होतो. सगळ्यांची सकाळपासून तीच हौस होती. वाटेत दहा मिनिटं टेकलो तर कमल झाडाला पाठ लावून झोपली. सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. अर्धा तास झाला, तास झाला. कोणी कुजबुजलं, तिला उठवू या का, धबधबा राहील. सिस्टर म्हणाल्या, ‘धबधबा कुठे जात नाही.’ आम्ही दोन तास मुक्यानं बसलो. एक मुंगळा कमलच्या गालाकडे निघाला तो सिस्टरांनी चष्म्याच्या दोरीनं वळवला. कमल उठली, ऊन बघून घाबरली आणि मग रडायला लागली. तिला उगीच वाटलं की तिच्यामुळे सगळ्यांचं नुकसान झालं. त्या दिवशी आम्ही धबधबा न बघताच परत आलो आणि कोणी कुरकुर केली नाही. मी थोडी केली, पण मनात.

सिस्टरांचं सगळ्यात आवडतं रान भोज धरणाच्या पुढे होतं. तिथे डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. वाडीच्या खालून ओढा जातो आणि ओढ्यापलीकडे दाट झाडी. पलीकडे गेलं की सिस्टर वेगळ्या होत. चालणं भराभर, मध्येच थांबून वर बघणं, गालातल्या गालात हसणं. आम्ही बसलो की त्या एकट्या आत जात आणि अर्ध्या तासानं येत. काय करता म्हणून विचारलं तर म्हणत, ‘जाऊन आले.’ त्यांचा नवरा मराठवाड्यात कुठेतरी होता. त्याच्याविषयी त्या एकदाच बोलल्या, तेही याच रानात आणि बारानंतर. ‘बरा माणूस होता, पण मला घाबरायचा,’ एवढंच.

ओढा उतरण्याआधी वाडीवर जायचं, हा त्यांचा शिरस्ता. तिथे जनीबाई म्हणून एक ठाकरीण होती, सिस्टरांच्याच वयाची. सिस्टर तिला विचारत, ‘जाऊ का?’ जनीबाई दारात उभी राहून डोंगराकडे बघे आणि ‘जाव’ किंवा ‘आज नको’ म्हणे. ‘आज नको’ म्हटलं की आम्ही धरणाच्या काठावर बसून परत येत असू. कारण विचारायची पद्धत नव्हती.

आता कौसल्याचं सांगते. सिस्टर संध्याकाळी घरोघरी इंजेक्शनं द्यायला जात. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी घरात म्हातारीला रोज इन्सुलिनची सुई असे. कौसल्या त्या म्हातारीची सून. नवऱ्याचं, हरीशचं, चेन-बटणांचं दुकान होतं. लग्न होऊन आठ वर्षं झालेली, आणि घर, दुकान, गुरुद्वारा यांच्या बाहेर तिला काही ठाऊक नव्हतं. सुईच्या वेळी ती सिस्टरांना विचारायची, संडे को किधर जाते हो. एका रविवारी ती पुलावर येऊन उभीच राहिली. मग येतच राहिली. पोटभर हसायची, चालताना सगळ्यांच्या पुढे असायची. नियम मोडून ओढणीखाली कोक्या, म्हणजे कांदा घातलेल्या जाड जाड सिंधी रोट्या, लपवून आणायची. सिस्टरांना ते माहीत होतं असा माझा संशय आहे.

गणपती होऊन गेले होते. गणपती गेले की पाऊस गेला, असं आम्ही धरून चाललो होतो. सिस्टर आणि आम्ही नऊ जणी भोजला पोचलो, तर जनीबाईच्या दाराला कडी. शेतावर गेली असणार. स्वच्छ ऊन होतं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी. सिस्टर दोन मिनिटं डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चला.’

पलीकडे झाडीत आभाळ दिसत नाही. पाऊस आमच्या अंगावर पडलाच नाही. दुपारी एक वाजता परत निघालो आणि झाडीतून बाहेर आलो, तर ओढ्याच्या जागी तांबडं पाणी दोन्ही काठ घासत चाललेलं. डोंगराचा माथा काळा पडला होता. सकाळी आम्ही ज्या दगडांवर पाय ठेवून आलो त्यांतला एकही दिसत नव्हता.

‘बसा,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पाणी उतरेपर्यंत इथून हलायचं नाही.’

आम्ही बसलो. कौसल्या बसेना. मग खरं ते बाहेर आलं. ती घरी रानाचं बोललीच नव्हती. दर रविवारी सत्संगला जाते म्हणून सांगायची आणि साडेतीनला घरी असायची. चारला हरीश दुकानातून चहाला घरी यायचा.

‘सिस्टर, मेरे को जाना पड़ेगा,’ ती म्हणाली. ‘दो-चार कदम का तो है.’

‘नाही.’

‘वो मेरे को घर में नहीं घुसने देगा. तुमको नहीं मालूम.’

‘घर में घुसने का बाद में देखेंगे. पहले घर तक पहुंचना.’

ती निघालीच. सिस्टरांनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि तिच्या ओढणीचं टोक आपल्या पदराला गाठ मारून बांधलं. कौसल्यानं त्यांना सिंधीत शिव्या दिल्या. आम्हाला कळल्या नाहीत, पण शिव्याच होत्या. सिस्टर मान हलवत ऐकत राहिल्या. तेवढ्यात वरून एक आख्खं झाड आलं, मुळांसकट, आणि आमच्या समोरून वाहत गेलं. मुळांना माती तशीच होती. कौसल्याच्या शिव्या थांबल्या. थोड्या वेळानं तिनं ओढणीखालून कोक्या काढल्या आणि वाटल्या. सिस्टरांनी घेतली.

चारच्या सुमाराला समोरच्या काठावर जनीबाई आली. पाण्याच्या आवाजात तिचं ओरडणं तुटक ऐकू येत होतं.

‘बाय, अल्याड कोन ठेवलंय?’

सिस्टरांना समजलं नाही.

‘आमी लाकडाला पल्याड जातो तवा येक बाय हकडं ठेवतो. पल्याडून डोंगर दिसत नाय. ती बगते नि साद घालते. तुमी कोनाला ठेवलं?’

सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी खूण करून सांगितलं, कोणी नाही. जनीबाईनं कपाळावर हात मारला आणि तिथेच बसून राहिली. आम्ही इकडे, ती तिकडे. इतकी वर्षं त्या वाडीवर जाऊन आम्ही ‘जाऊ का’ विचारत होतो आणि ही एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. जनीबाईला वाटलं असणार, एवढं कोणाला सांगावं लागतं?

साडेपाचला पाणी गुडघ्यावर आलं. एकमेकींचे हात धरून आम्ही उतरलो. अंबरनाथला पोचेपर्यंत दिवेलागण उलटून गेली होती. पुलावर माझे वडील, कमलचा नवरा आणि आणखी चार-पाच माणसं उभी. वडील मला हात धरून घेऊन गेले. पुढचं मला कमलनं सांगितलं.

सिस्टर घरी गेल्याच नाहीत. चिखलानं भरलेल्या साडीनं त्या नऊच्या नऊ घरी गेल्या. आमच्याकडेही आल्या. मी आतल्या खोलीतून ऐकलं. ‘मी भालेराव. तुमची मुलगी माझ्यामुळे उशिरा आली. ओढा बघायला मी माणूस ठेवलं नाही. चूक माझी आहे.’ वडिलांनी त्यांना बसा म्हटलं नाही. कमलचा नवरा जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. जातीवरून बोलला, एवढं सांगते. सिस्टर त्यालाही म्हणाल्या, ‘ते तुमचं तुमच्याकडे ठेवा. चूक माझी होती ती मी सांगितली.’

शेवटचं घर कॅम्पातलं. कौसल्यानं रस्त्यात त्यांचे पाय धरले होते, सत्संगला उशीर झाला म्हणा म्हणून. सिस्टरांनी हरीशला सांगितलं, ‘ही माझ्याबरोबर रानात होती. पाणी वाढलं. ही यायला निघाली होती, मी बांधून ठेवली.’

‘हर संडे?’ हरीशनं विचारलं.

‘तो हिसाब वो देगी. मैंने मेरा बताया.’

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सिस्टरांना फाडकन म्हटलं, ‘एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तिचं वाटोळं केलंत तुम्ही.’ त्या कापसाचे बोळे वळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मी एकदा खोटं बोलले असते, तर पुन्हा कुठल्या दारात उभी राहून काय सांगितलं असतं?’

पुढच्या रविवारी पुलावर कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मीसुद्धा नाही. वडिलांनी बंदी घातली होती हे खरं, पण मला सक्काळी उठावं लागत नाही याचा आनंद झाला होता हेही खरं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. सिस्टर मात्र दर रविवारी साडेसहाला पिशवी घेऊन पुलावर उभ्या राहत. सातपर्यंत थांबत आणि एकट्या टेम्पोत बसून जात. टेम्पोवाला सांगायचा, बाई वाडीवर जातात, जनीबाईजवळ बसतात, परत येतात. ओढा उतरत नाहीत.

आणि कॅम्पात त्या रोज संध्याकाळी सुई द्यायला जात होत्या. त्याच घरात, जिथे हरीश त्यांच्याकडे बघत नसे आणि कौसल्या पाणीसुद्धा बाहेर आणून देत नसे. सुई देत, म्हातारीचे पाय बघत, निघून येत. एका शब्दानं त्यांनी विषय काढला नाही. असे पाच महिने.

होळीच्या आधी म्हातारीनंच सिस्टरांपुढे तोंड उघडलं. ‘बेटी, जंगल में है क्या?’

‘कुछ नहीं, अम्मा. झाड है, पानी है.’

‘फिर ये बहू क्यों मुंह फुला के बैठी है इतने महीने से?’ मग मुलाला म्हणाली, ‘इस बाई ने सच बोला था. तेरे घर में तो तेरी बीवी को झूठ बोलना पड़ता है.’

हरीश दुकानातल्या माणसासारखा विचार करून बोलणारा होता. त्यानं एकच विचारलं. ‘पानी कौन देखेगा?’

‘मैं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘मैं इस तरफ बैठूंगी. जब तक ये सब वापस नहीं आतीं, मैं इधर से नहीं हिलूंगी.’

हाच शब्द त्यांनी मग उरलेल्या आठही घरी जाऊन दिला. कौसल्या आली तशी कमल आली, मग मी, मग पॅकिंगमधल्या नव्या बायका. वडील मला सोडायला स्वतः पुलावर आले आणि सिस्टरांना नमस्कार करून गेले. कमलचा नवरा आला नाही, पण त्यानं कमलला अडवलंही नाही.

त्यानंतर भोजला गेलो की सिस्टर ओढ्याच्या अलीकडे एका दगडावर बसत, डोंगराकडे तोंड करून. जनीबाई कधी सोबतीला असे, कधी नसे. आम्ही पलीकडे जायचो, दोन-तीन तासांनी यायचो. सिस्टर तिथेच. ऐन उन्हाळ्यात ओढा कोरडा ठणठणीत असायचा तेव्हासुद्धा. आम्ही म्हटलं, आळीपाळीनं बसू. नाही म्हणाल्या. मार्चमध्ये कुठलं पाणी येतं, असं मी वाद घालून बघितला. ‘शब्द देताना मी महिना सांगितला नव्हता,’ त्या म्हणाल्या. मला राग यायचा. ज्या रानासाठी या बाईनं आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं ते आम्ही भोगत होतो आणि ती दगडावर बसून. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘डोंगर इथूनच चांगला दिसतो.’ ते खरं होतं, पण पुरेसं खरं नव्हतं.

नव्वद साली लग्न होऊन मी नाशिकला गेले. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी माहेरी आले की रविवार साधून पुलावर जायचे. सिस्टर निवृत्त झाल्या, तरी पूल सुटला नाही. चिखलोलीच्या टेकडीखाली इमारतींचे पाये खणले जाऊ लागले. बायका बदलत गेल्या. काही जणी सुना घेऊन येऊ लागल्या. सिस्टरांचे गुडघे कुरकुरू लागले होते. वाडीपर्यंतची चढण त्या थांबत थांबत चढत.

शेवटची भेट ती भाद्रपदातली. मी माहेरी आले होते. भोजला गेलो. सिस्टर साठीच्या पुढे होत्या. ओढ्याला पोटरीएवढं पाणी होतं. त्या सवयीनं दगडाकडे वळल्या, तर कौसल्यानं त्यांची वाट अडवली.

‘सिस्टर, आज प्रधान बैठेगी. मेरी बेटी भी बैठेगी उसके साथ.’

‘मी शब्द दिलाय,’ सिस्टर म्हणाल्या.

‘मालूम है. इसलिए हम लोग पूछ के आए हैं.’

सिस्टरांना कळेना. तेव्हा कमल पुढे झाली. त्या आठवड्यात कौसल्या आणि कमल मिळून घराघरांत गेल्या होत्या. ज्या ज्या घरी सिस्टरांनी शब्द दिला होता तिथे. काही घरं बदलापूरला गेलेली, ती शोधून. माझ्या वडिलांकडेही येऊन गेल्या होत्या, मला न सांगता. दारात उभं राहून सांगायचं, या रविवारी सिस्टर पलीकडे जातील, पाणी बघायला प्रधान आहे, चालेल का? कॅम्पातली म्हातारी जाऊन दोन वर्षं झाली होती. हरीश म्हणाला होता, इतने साल बैठी वो? मेरे को लगा था एक-दो बार बैठेगी.

‘सगळे हो म्हणाले,’ कमल म्हणाली. ‘आमचे मालकपण.’

सिस्टर चष्मा काढून त्याची दोरीच पुसत राहिल्या, काच पुसायची सोडून. मग पिशवी माझ्या हातात दिली, साडी वर खोचली आणि पाण्यात उतरल्या. बायकांनी हात पुढे केले, त्यांनी ते धरले नाहीत. पलीकडे पोचल्यावर एकदा वळून मला म्हणाल्या, ‘डोंगराकडे बघ. माझ्याकडे नको.’

मी डोंगराकडे बघितलं. पावणेतीन तास. कौसल्याची मुलगी दहा मिनिटांत कंटाळून वाडीवर खेळायला गेली. दगड टोचतो. डुलकी येते आणि डुलकीनंच दचकायला होतं. माथ्यावर बोटाएवढा ढग आला की उठून उभं राहायला होतं. तो जातो, मग दुसरा येतो. मला वाटायचं सिस्टर तिथे बसून काहीतरी विचार करत असतील, रान ऐकत असतील. तिथे काही सुचत नाही. नुसती त्या माणसांची काळजी वाटते, आणि ती संपत नाही. हे त्यांनी किती वर्षं केलं याचा हिशेब मी मनात सुरू केला आणि मला रडू आलं.

दीड वाजता आधी आवाज आले, मग बायका दिसल्या. सिस्टर सगळ्यात मागे होत्या. साडी खांद्यापर्यंत ओली, आणि केस सुटे. मी इतक्या वर्षांत त्यांचे केस सुटे पाहिले नव्हते. पांढरे, लांब, कमरेपर्यंत, त्यांतून पाणी ठिबकत होतं. आत कुठेतरी एक डोह होता, पूर्वी त्या एकट्या तिथेच जायच्या, हे मला तेव्हा समजलं. आता सगळ्या बायकांना घेऊन गेल्या होत्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते आणि त्या हसत होत्या, आवाज करून, लहान पोरीसारख्या.

अलीकडे आल्या तशा माझ्याजवळ दगडावर बसल्या. मी पिशवीतला टॉवेल दिला. त्यांनी तो घेतला, पण केस पुसले नाहीत.

‘कंटाळलीस?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘मी कंटाळायचे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘दर वेळी.’